खिंडसीला चावलं ते मच्छर नव्हतं: नावेत आणि काठावर चिलटांपासून कसं वाचायचं

ताई, तुम्ही सांगितलेल्या बारकाव्यांवरून चावणारा किडा कोणता ते जवळजवळ ठरतं. मागच्या वर्षी दिवाळीनंतर खिंडसी तलावावर गेलात, दुपारी नावेत काही झालं नाही. ऊन उतरल्यावर मुलं धक्क्याजवळ चिखलात खेळत होती, तेव्हा सगळ्यांचे घोटे, कान आणि मान चावून निघाली. तंबूला मच्छरदाणीची जाळी होती, कॉइल लावली होती, क्रीम चोपडली होती, तरी रात्री पुन्हा चावलं. गुणगुण मात्र कोणालाच ऐकू आली नाही. आवाज नाही, जाळीतून आत शिरतं आणि टाचणी टोचावी तशी कळ येते, म्हणजे हे चावरं चिलट. शास्त्रात याला क्युलिकॉइड्स म्हणतात. यंदा सासऱ्यांनाही न्यायचं आहे, तर जावं की बेत रद्द करावा, असा तुमचा प्रश्न आहे.

जा. पण तयारीचा क्रम बदला. लोक आधी क्रीम शोधतात, मग मच्छरदाणी, आणि वेळ-जागेचा विचार शेवटी करतात किंवा करतच नाहीत. मी नागपूरच्या आसपासच्या तलावांवर लोकांना नावेतून पक्षी दाखवायला नेतो. माझ्या मते चिलटांचा बंदोबस्त तीन-चतुर्थांश तरी वेळ, जागा आणि वारा यांवरच होतो. उरलेलं काम कपड्यांचं आणि क्रीमचं.

आधी किडा समजून घ्या. हे चिलट १ ते ३ मिलिमीटरचं असतं. चावते ती मादी, अंडी वाढवायला तिला रक्त लागतं. डोळ्यांपुढे घोंगावून जीव नकोसा करणारी साधी चिलटं वेगळी, ती चावत नाहीत. मच्छर बारीक सोंड आत खुपसतो. हे चिलट कातडी कापतं आणि तिथे जमणारं रक्त पितं, म्हणून आकाराच्या मानाने कळ जास्त. रक्त गोठू नये म्हणून ते लाळ सोडतं, आणि नंतरची गांध व खाज ही त्या लाळेला शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. धक्क्यावरचा नावाडी त्याच वेळी उघड्या हातांनी दोर बांधत असतो. चावतात त्यालाही, पण वर्षानुवर्षांच्या सवयीने बहुतेकांच्या अंगावर फारसं उठत नाही. तुमच्या मुलांना टरारून फोड आले म्हणजे त्यांचं रक्त ‘गोड’ आहे असं नाही, त्यांचं शरीर या लाळेला नवखं आहे इतकंच. काहींचं मात्र उलट होतं, दरवेळी सूज वाढतच जाते. तसं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ॲलर्जीची गोळी जवळ ठेवा.

आता जागा. ही चिलटं खोल पाण्यात वाढत नाहीत, काठावरच्या ओल्या गाळात वाढतात. आपल्याकडचे तलाव पावसाळ्यात तुडुंब भरतात आणि ऑक्टोबरपासून पाणी मागे सरकू लागतं. त्यामागे उघडी पडते ती गाळपेराची जमीन, वरून सुकल्यासारखी दिसणारी आणि बोटभर खाली ओलीच असलेली. पाण्यावर येणाऱ्या गाई-म्हशींच्या खुरांनी तिथे खड्डे पडतात, त्यात शेण मिसळतं, शेवाळ धरतं. चिलटाच्या अळ्यांना याहून चांगलं घर नाही. शिवाय जवळच जनावरं उभी असतात, म्हणजे रक्ताची सोय झाली. पाण्याच्या कडेने बेशरमाची झुडपं किंवा कुजलेली जलपर्णी असेल तर सावली आणि ओल दोन्ही टिकतात. रामटेकजवळ सूर नदीवरच्या खिंडसीला हे सगळं काठाच्या काही भागांतच दिसतं, सगळीकडे नाही. नागपुरातल्या अंबाझरी, गोरेवाड्यापासून पार नवेगावबांधपर्यंत हीच गोष्ट. तलाव वाईट नसतो, त्याचा एखादा काठ वाईट असतो.

हा किडा दुबळा उडणारा आहे. बहुतेक चिलटं जन्मलेल्या जागेपासून काहीशे मीटरांतच राहतात, त्यामुळे तलावाच्या मध्यावर तुम्हाला चिलटं जवळजवळ भेटत नाहीत. तुमच्या दुपारच्या फेरीत काही झालं नाही त्याचं एक कारण हे, दुसरं ऊन आणि तिसरं वारा.

वाऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण फुकट मिळणारा सगळ्यात चांगला उपाय हाच आहे. साधारण ताशी १० किलोमीटरच्या वर वारा असला की चिलटाला नीट उडता येत नाही, ते गवतात बसून राहतं. मोजायचं यंत्र लागत नाही. चेहऱ्याला वारा सतत जाणवतोय आणि झाडाची पानं थांबत नाहीत, एवढं पुरेसं आहे. चालती मोटरबोट हा वारा स्वतःच तयार करते. म्हणून चालत्या नावेत कोणाला चावत नाही आणि नाव थांबली की चावतं. फोटोसाठी किंवा जांभळी पाणकोंबडी दिसली म्हणून लोक काठाच्या गवताला लागून इंजिन बंद करायला लावतात, आणि दोन मिनिटांत नावेत चुळबुळ सुरू होते. थांबायचंच असेल तर काठापासून अंतर राखून, वारा खेळेल अशा उघड्या पाण्यात थांबा आणि दुर्बीण वापरा. तीन बाजूंनी झाडी असलेल्या खाचेत संध्याकाळी शिरूच नका. पेडल बोट हळू चालते आणि काठाकाठानेच फिरते, त्यामुळे ती दुपारच्या उन्हातच बरी. नावाड्याचं ऐकत चला. “वारा पडला का निघतेच हे,” असं एका नावाड्याने मला सांगितलं होतं, आणि एवढ्या थोडक्यात मला ते कधी सांगता आलेलं नाही.

वेळेचं गणित आपल्याकडे थोडं वेगळं आहे. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, मुंबईपेक्षा साधारण अर्धा तास आधी. तिकडचे पाहुणे सोबत असले की “अजून उजेड आहे, एक फेरी मारू” असं हमखास होतं, आणि उतरायची वेळ नेमकी चिलटांच्या वेळेवर येते. सूर्यास्ताच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंतचा वेळ सर्वात वाईट, त्याखालोखाल पहाट. ढगाळ, दमट आणि वारा पडलेला दिवस असेल तर दुपारीसुद्धा चावतात. म्हणून संध्याकाळची नाव साडेचारपर्यंत धक्क्याला लागेल असं पाहा. त्याहून चांगलं म्हणजे सकाळी नऊ-साडेनऊची फेरी. ऊन चढलेलं असतं, गवतावरचं दव उडालेलं असतं, पक्षीही दिसतात. हंगामाचं म्हणाल तर पावसाळ्याचा शेवट ते नोव्हेंबर हा काळ चिलटांचा. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास उतरला की ती गारठून बसतात, आणि मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या भट्टीत तर ती फार दिसतच नाहीत. तारीख बदलणं शक्य असेल तर डिसेंबरचा मध्य निवडा. नाहीतर निदान त्रिपुरी पौर्णिमेचे दिवस टाळा. चिलटांचा त्याच्याशी संबंध नाही, पण रामटेकला तेव्हा यात्रेची गर्दी असते आणि परतायला उशीर होतोच.

कपड्यांची गोष्ट सोपी आहे. चिलटाचं तोंड आखूड असतं, घट्ट विणीच्या कापडातून ते चावू शकत नाही. ते फटीतून शिरतं. पूर्ण बाह्यांचा, फिक्या रंगाचा, सैल सुती शर्ट, पायांत मोजे आणि पँटची मोहरी मोज्यांत खोचलेली. दिसायला विचित्र वाटेल, पण घोटे वाचतात. गडद रंगाकडे ती जास्त येतात, म्हणून काळे ट्रॅकसूट घरीच राहू द्या. तोंडाला उन्हाळ्यात गाडीवर बांधतो तसा सुती दुपट्टा बांधा, कान आणि मान झाकून. नागपूरच्या माणसाला हे शिकवायची गरज नाही. सासऱ्यांना दुपट्ट्यात गुदमरल्यासारखं होत असेल तर रुंद काठाच्या टोपीवरून सोडायची बारीक जाळी शिवून घ्या. इतवारी-गांधीबागेत बारीक विणीचं नेटचं कापड मिळतं. काळं घ्या, पांढऱ्यापेक्षा त्यातून जास्त स्पष्ट दिसतं. खालची कड कॉलरच्या आत खोचायची. आणि हे सगळं धक्क्यावर पोहोचण्याआधी, गाडीतच चढवायचं. चावायला लागल्यावर पिशवीत मोजे शोधण्यात काही अर्थ नाही.

आता क्रीम. तुमची क्रीम निकामी होती असं मला वाटत नाही. ती दुपारी एकदा लावली, मग घाम आला, मुलांनी तोंड धुतलं, आणि चिलटं आली तोपर्यंत पाच तास होऊन गेले होते. शिवाय लोक हातापायांना लावतात आणि कानांच्या पाळ्या, केसांची कड, घोट्यांची मागची बाजू सोडतात. चिलट नेमकं तिथे बसतं. ओडोमॉससारख्या क्रीममध्ये डायइथाइल बेंझामाइड १२ टक्के असतं. ते मच्छरांसाठी बनवलेलं आहे, पण जाडसर आणि सगळीकडे लावलं तर चिलटांनाही बऱ्यापैकी दूर ठेवतं. सूर्यास्ताच्या तासभर आधी पुन्हा लावणं हाच त्यातला मुद्दा. याहून जोरदार हवं असेल तर २० ते ३० टक्के डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेला स्प्रे घ्या. डीट प्लॅस्टिक विरघळवतं, त्यामुळे चष्म्याची काच, घड्याळ, दुर्बीण आणि मोबाइलचं कव्हर सांभाळा, लावल्यावर तळहात पुसा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डीट लावत नाहीत. लहान मुलांच्या हातांना कोणतीच क्रीम लावू नका, हात तोंडात जातात. मोठ्यांनी आपल्या तळहातावर घेऊन मुलांच्या अंगाला लावावी. सनस्क्रीन लावणार असाल तर ती आधी, ती मुरली की वरून ही.

खोबरेल तेल पूर्ण थोतांड नाही. जाडसर थर असेल तर चिलटं त्यात चिकटतात, चावायच्या आधीच. त्यात थोडं कडुनिंबाचं तेल मिसळलं तर आणखी बरं, फक्त वास सहन करायची तयारी हवी. पण हा उपाय तास-दीड तासाचा, आणि तेलकट हातांनी नावेची कड धरता येत नाही हे विसरू नका. बाकी मनगटावरचे सुगंधी पट्टे, मोबाइलमधला ‘न ऐकू येणारा’ आवाज, लसूण खाणं, बी व्हिटॅमिनच्या गोळ्या यांवर पैसे घालवू नका. कॉइल उघड्यावर निरुपयोगीच. नावेत तर ती पेटवूच नका, शेजारी पेट्रोलचं इंजिन असतं.

काठावर रात्र काढायची असेल तर तंबूची जागा दिवसा उजेडी निवडा. गाळपेरापासून आणि जनावरांच्या पाणवठ्यापासून निदान दोन-तीनशे मीटर लांब, जरा उंचावर, वारा लागेल अशी. पाण्याला खेटून तंबू फोटोत छान दिसतो, पण चिलटांचा पहिला मुक्काम तिथेच असतो. परवानगी आणि सोय असेल त्याच ठिकाणी राहा, पेंचच्या जंगलाला लागून असाल तर हे आणखी काटेकोरपणे. साध्या मच्छरदाणीची भोकं सव्वा ते दीड मिलिमीटरची असतात, चिलट अंग चोरून त्यातून आत येतं. मागच्या वर्षी तुमच्या तंबूत तेच झालं. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची वीण लागते. नवीन तंबू घ्यायची गरज नाही, खिडकीच्या जाळीला आतून मलमल किंवा तसंच पातळ कापड वेल्क्रोने लावा. हवा थोडी कमी येईल, नोव्हेंबरच्या रात्री ते चालतं. तंबूची चेन सूर्यास्ताच्या आधी बंद झाली पाहिजे, आत दिवा लावून चेन उघडी ठेवणं म्हणजे आमंत्रण.

उजेडाकडे ही चिलटं खेचली जातात, विशेषतः पांढऱ्या-निळसर एलईडीकडे. किड्यांचा अभ्यास करणारे त्यांना पकडायला अतिनील दिव्याचे सापळे लावतात ते याच कारणाने. जेवायच्या जागी पिवळा, मंद दिवा ठेवा आणि पांढरा दिवा हवाच असेल तर पंधरा-वीस पावलं लांब टांगा. बॅटरीवरचा छोटा पंखा मात्र जरूर न्या. सासऱ्यांच्या खुर्चीजवळ खाली, घोट्यांच्या उंचीवर लावून ठेवा. वाऱ्याचं जे वर सांगितलं तेच इथेही लागू आहे, आणि हजार रुपयांच्या आतला हा पंखा बहुतेक महागड्या उपायांपेक्षा जास्त काम करतो. गोवरीचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा धूर गावात गोठ्यांसमोर संध्याकाळी करतात, त्याने फरक पडतो हे खरं. पण धुरात बसावं लागतं, वयस्कर माणसाच्या छातीला तो झेपत नाही, आणि जंगलाच्या हद्दीत विस्तव चालतच नाही.

चावल्यावर आधी साबण-पाण्याने धुवा, मग गार पाण्याची पट्टी. खाजवणं हाच खरा शत्रू आहे, नखांनी कातडी फुटली की पू होतो. मुलांची नखं निघण्याआधीच कापा. कॅलामाइन लोशनने खाज उतरते. सूज जास्त असेल तर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन क्रीम दिवसातून दोनदा, दोन-तीन दिवस. मोठ्यांना सिट्रिझिनची गोळी रात्री चालते, पण ज्याला गाडी चालवायची आहे त्याने घेऊ नये. मुलांचं प्रमाण डॉक्टरांना विचारा. सासऱ्यांना एव्हिलसारखी जुन्या प्रकारची ॲलर्जीची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका, वयस्कर पुरुषांना तिने गुंगी येते आणि लघवी अडू शकते. चावल्या जागी चुना लावायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती सोडा, चुन्याने कातडी भाजते. लाली पसरत गेली, पू झाला, किंवा ओठ-डोळे सुजून श्वास लागला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा.

तुम्ही डेंग्यू-मलेरियाबद्दल विचारलंत. ते मच्छरांचे आजार, चिलटांचे नाहीत. ही चिलटं मेंढ्यांमध्ये ‘निळी जीभ’ नावाचा विषाणूजन्य आजार पसरवतात, आणि धनगरांचं त्याने मोठं नुकसान होतं. माणसाला तो होत नाही. पण चिलटांच्या नावाखाली खपून जाणाऱ्या दोन गोष्टी मात्र वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली स्क्रब टायफस. हा ताप गवता-झुडपांतल्या माइट या कोळ्यासारख्या बारीक किड्याच्या अतिसूक्ष्म पिल्लांपासून होतो, आणि २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागांत त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. चावल्याचं कळतही नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी जोराचा ताप, डोकेदुखी, आणि कधी काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली दिसते. सहलीनंतर महिन्याभरात घरात कोणाला असा ताप आला तर डॉक्टरांना “तलावाकाठी गवतात राहिलो होतो” हे आठवणीने सांगा. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने हा आजार लवकर आटोक्यात येतो, पण आधी त्याचा संशय यायला हवा. गवतावर सतरंजीशिवाय बसू नका आणि कपडे झुडपांवर वाळत घालू नका.

दुसरी वाळूमाशी. चांदीपुरा विषाणूचं नाव बातम्यांत येतं तो आपल्या नागपूरच्याच चांदीपुऱ्यात १९६५ मध्ये सापडला. तो मुख्यतः वाळूमाशीमुळे पसरतो आणि लहान मुलांच्या मेंदूवर हल्ला करतो. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत त्याने मुलं दगावली. वाळूमाशी चिलटाएवढीच, तीही बिनआवाजाची, तीही जाळीतून शिरणारी. पण ती भिंतींच्या भेगांत, गोठ्यांत, मातीच्या घरांच्या आसपास राहते. नावेत तुम्हाला ती भेटणार नाही. काठच्या गावात जुन्या मातीच्या घरात मुक्काम करणार असाल तर मात्र बारीक जाळी तिथेही लावा. मुलाला एकाएकी जोराचा ताप, उलट्या आणि झटके आले तर एक तासही थांबू नका.

नावेतली एक गोष्ट राहिली. चावायला लागलं की माणूस नकळत उभा राहतो, हात झटकतो, शेजारच्याच्या पाठीवर चापट मारतो. लहान नावेत हे धोक्याचं आहे. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण मुलं बुडाली. तिथे कारण चिलटं नव्हती, पण नावेत सगळ्यांनी बसून राहायचं कशासाठी ते त्यावरून कळतं. गरम होतं, टोचतं म्हणून लाइफ जॅकेट सैल करायचं नाही. उलट त्याने छाती-पाठ झाकली जाते, तेवढंच अंग वाचतं.

सासऱ्यांसाठी मी असं करीन. संध्याकाळची नाव आणि तंबू हे दोन्ही त्यांच्या वाट्याला नकोत. आदल्या रात्री सगळे रामटेकला खोली घेऊन राहा, सकाळी गडावर दर्शन करा, साडेनऊला खिंडसीच्या नावेत बसा आणि अकरापर्यंत उतरा. मुलांना तंबूची हौस असेल तर तुमच्या यजमानांनी त्यांना घेऊन त्या रात्री काठावर राहावं आणि तुम्ही सासऱ्यांबरोबर परतावं. धक्क्यावर पोहोचल्यावर आधी नावाड्याला विचारा, आज वारा कसा आहे आणि कोणत्या काठाला जनावरं उतरतात. पैसे नंतर ठरवा.